परदेशापुरती सूट

वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत जळगावच्या लखीचंद छाजेड यांना वेप नावाची वस्तू जगात आहे हे ठाऊकच नव्हतं. ती त्यांना मनाईच्या यादीतून कळली. त्या यादीवर त्यांचा अजूनही राग आहे, आणि तो रास्त आहे. माणूस आपल्या वाटेने सरळ चाललेला असतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला थांबवून 'अमुक करू नका' असं सांगायचं म्हणजे अमुक करता येतं हे आधी त्याला शिकवायचं. शाळेत मास्तर 'मागच्या भिंतीवर चढू नका' म्हणायचे, तेव्हा कुठे निम्म्या पोरांना शाळेला मागे भिंत आहे हे कळायचं.

शेठची मुलगी विधी सहा वर्षांपासून सिंगापुरात असते. आता तिचं पहिलं बाळंतपण आलं. डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास बंद केला, तेव्हा लेक माहेरी येण्याऐवजी माहेरानेच लेकीकडे जावं असं ठरलं. माहेर म्हणजे लखीचंदशेठ, त्यांच्या पत्नी सायरबाई आणि दोन डबे भरून डिंकाचे लाडू. तिकिटं काढायला शेठ डिंपलच्या ऑफिसात गेले. डिंपल ही त्यांच्याच कॉलनीतली. ट्रॅव्हल एजन्सी चालवते आणि चोख चालवते. तिची एकच खोड. तिकीट हातात देण्याआधी ती मनाईची छापील यादी गिऱ्हाइकाला मोठ्यांदा वाचून दाखवते आणि खाली सही घेते.

"च्युइंगगम नाही. गुटखा, तंबाखू नाही. फटाके नाहीत. वेप नाही," डिंपलने वाचलं.

"ते शेवटचं काय असतं?"

हा प्रश्न शेठनी निव्वळ माहितीसाठी विचारला. त्यांचं भांड्यांचं दुकान. नव्या वस्तूचं नाव कानावर पडलं की ती काय, कशाची, किती टिकते हे विचारायची चाळीस वर्षांची सवय.

"पेनासारखं असतं, काका. बॅटरीवर चालतं. ओढलं की वाफ निघते. सिगारेटऐवजी ओढतात लोक. आंब्याचा स्वाद असतो, वेलदोड्याचा असतो. राख नाही, काडी नाही, कपड्यांना वास नाही. पण सिंगापूरला त्याचा कायदा फार कडक आहे. नुसतं जवळ सापडलं तरी गुन्हा. बाहेरच्या माणसाला आल्या पावली परत पाठवतात."

शेठनी सही केली. डिंपल जे काही बोलली त्यातलं 'वास नाही' एवढंच त्यांच्या कानात राहिलं. बाकीचं रस्त्यात सांडलं.

आता हे का राहिलं ते कळायला अकरा वर्षं मागे जावं लागेल. घाबरू नका, लगेच परत येऊ. त्या काळी शेठ सिगारेट ओढत, आणि चांगली दणकून ओढत. चातुर्मासात एक महाराजसाहेब जळगावच्या जैन स्थानकात आले, सायरबाईंनी नवऱ्याला प्रवचनात उभं केलं आणि शेठनी भर सभेत जन्मभराचं पच्चक्खाण घेतलं. पच्चक्खाण म्हणजे जाहीर त्याग. महाराजसाहेब दीक्षेआधी स्वतः व्यापाऱ्याच्या घरातले. त्यांनी शब्द पक्के घातले होते: तंबाखू, बिडी, सिगारेट, आणि तोंडावाटे धूर किंवा वाफ काढणारं, आज असलेलं किंवा उद्या निघणारं काहीही. पण त्यागाच्या वेळी एखादी सूट आधीच बोलून ठेवायची सोय असते. तिला आगार म्हणतात. एसटीचा नव्हे, जैनांचा. सगळं ऐकून शेठ हात जोडून म्हणाले, "परदेशाचा आगार, महाराजसाहेब." महाराजसाहेब हसले आणि म्हणाले, "बरं."

त्या वेळी शेठकडे पासपोर्ट नव्हता. परदेशात त्यांचं कुत्रंही ओळखीचं नव्हतं. पण सौदा कितीही पक्का झाला तरी बोलण्यात एक खिडकी उघडी ठेवावी, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. खिडकीतून जायचं असतं असं नाही, ती असली की बरं वाटतं.

पच्चक्खाण मात्र त्यांनी पाळलं. इतकं पाळलं की समाजात कोणाच्या मुलाच्या खिशात काडेपेटी सापडली की त्याला 'छाजेडकाकांकडे बघ' म्हणून सांगत. तशी जळगावात राहून जन्मात भरीत न खाण्याची सवय असलेल्या माणसाला दुसरा कुठला त्याग जड जायचं कारण नाही. तलफ केव्हाच मेली होती. सूट मात्र जिवंत होती. अकरा वर्षं वापरलेली नाही, पडून आहे, आणि आता परदेश समोर आलेला. हक्काची वस्तू न वापरता परत करायची म्हणजे व्यापाऱ्याच्या जिवाला केवढा घोर, ते पगारदार माणसाला कळायचं नाही.

मग सिंगापूरला जाऊन गुमान एक सिगारेट ओढावी, विषय संपवावा, असं तुम्ही म्हणाल. सिगारेट तिथे मिळते. पण सायरबाईंना नाक आहे. तीन घरं पलीकडे कोणी कांदा परतला तर "त्यांच्याकडे पाहुणे आलेले दिसतात" असं त्या स्वयंपाकघरातून सांगतात. सूट असल्यामुळे त्या शेठना काही बोलल्या नसत्या. नुसतं बघितलं असतं. त्या बघण्यापेक्षा लोक भांडण पत्करतात. म्हणून बिनवासाचं काही असेल तरच ते शेठच्या कामाचं होतं, आणि असं काही जगात निघालेलं आहे हे डिंपलने त्यांना यादीत छापून दिलं.

तर कायदा नीट समजून घ्यावा, एवढंच शेठनी ठरवलं. समजून घ्यायला काय हरकत आहे.

पहिला सल्ला समोरच्या चुडामण नानांचा. नाना भुसावळच्या रेल्वे पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, रोज दुपारी शेठच्या दुकानात पितळी घागरींशेजारी खुर्ची टाकून बसणारे. शेठनी विषय एका मित्राचा म्हणून काढला.

"मित्र कुठला?" नानांनी विचारलं.

"वरणगावचा."

"बरं," नाना म्हणाले. वरणगावच्या मित्रावर त्यांचा काडीचा विश्वास बसला नव्हता, पण छत्तीस वर्षं पार्सल ऑफिसात काढलेला माणूस आत काय आहे ते विचारत नाही, वर काय लिहिलंय तेवढं बघतो. "हे बघा शेठ, जगात मनाई अशी नसतेच. विनापरवाना मनाई असते. आम्ही रेल्वेने वाघ पाठवलाय सर्कशीचा. कागद बरोबर होते. आपण रीतसर अर्ज करू."

आणि अर्ज झाला. विषय: एक वेळ वाफ ओढण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर इसम निर्व्यसनी असून त्यास केवळ एकदाच वाफ ओढावयाची आहे, तीही आपल्या खात्याच्या माणसासमक्ष ओढण्यास त्याची हरकत नाही. शेवटी अर्जदाराचं नाव लिहायची वेळ आली. शेठ घुटमळले.

"निनावी अर्ज केराच्या टोपलीत जातो," नाना म्हणाले. "तुमच्या मित्राची अडचण असेल तर माझं टाका. माझं काय जातंय?"

नानांचं नाव पडलं. मुक्कामाचा पत्ता म्हणून विधीचं घर पडलं, कारण सिंगापुरात दुसरा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. मोबाइलने अर्जाचं इंग्रजी केलं आणि दुकानाच्या ई-मेलवरून तो तिथल्या सरकारी खात्याला गेला. इथवर सगळं ठीक होतं. पण नानांच्या हाताला जुनी सवय. ज्या घराचा पत्ता दिला त्या घरमालकास प्रत माहितीस्तव, असं म्हणून त्यांनी तोच अर्ज शेठच्या जावयालाही पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी खात्याचं उत्तर आलं. फार सभ्य होतं. चौकशीबद्दल आभार मानले होते आणि ती वस्तू बाळगणं, वापरणं, विकत घेणं हे तिन्ही गुन्हे आहेत, परवानगीची सोय नाही, असं लिहिलं होतं. त्याच्या आधीच जावयाचा फोन येऊन गेला.

"पप्पाजी, चुडामण पाटील कोण? आणि ते माझ्या घरी येऊन वेप का ओढणार आहेत?"

शेठ उत्तर जुळवतायत तोवर विधीने फोन घेतला. तिला आठवा सरून नववा लागला होता, बोलतानाही दम लागत होता. "पप्पा, इथे हे खेळाचं नाही. सामानात तसलं काही निघालं तर तुम्हाला दोघांना विमानतळावरूनच परत धाडतील. मला दिवस जवळ आलेत. मला मम्मी हवी आहे इथे."

'बेटा, माझीच चूक' एवढं म्हणायला दोन सेकंद लागले असते. शेठनी ते दोन सेकंद पाणी पिण्यात घालवले आणि मग म्हणाले, "अगं, ते आमचे समोरचे नाना. त्यांची आपली एक हौस. वय झालं की माणसाचं असंच होतं. आम्ही काही आणत नाही."

सायरबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "नाना? वाफ ओढतात?"

"ऐकतोय आपण," शेठ म्हणाले.

सायरबाईंनी नुसतं बघितलं.

संध्याकाळपर्यंत बातमी मंदाबाईंकडे, म्हणजे नानांच्या पत्नीकडे, पोचली. मंदाबाईंनी घर उलटंपालटं केलं. माळा काढला, गाद्या झटकल्या, नानांच्या जुन्या युनिफॉर्मचे खिसे उलटे केले. दुसऱ्या दिवसापासून नानांचं दुकानात येणं बंद. ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसायचं, फाटकाबाहेर पाय टाकायचा नाही, असा हुकूम. शेठ खाली मान घालून फाटकाशी गेले.

"नाना, माझ्यामुळे..."

"राहू द्या शेठ," नाना झोपाळ्यावरून म्हणाले. चेहरा पडलेला होता, पण आवाज खात्याचा होता. "पार्सल कोणाचंही असो, ज्याच्या नावावर बुक झालं त्याने सोडवायचं."

हे ऐकून शेठना इतकी लाज वाटली की दुसरा कोणी असता तर त्याने तिथेच तो नाद सोडला असता. शेठनी सिंगापुरात ओढायचा नाद सोडला. पण सूट परदेशाची होती, एकट्या सिंगापूरची नव्हे. परदेश पुष्कळ आहे. कायदा मोडायचा नाही, लेकीच्या दारात तर नाहीच नाही. कायद्याच्या आत कुठे जागा आहे तेवढी शोधायची, मग नानांचंही पार्सल आपण सोडवू, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि धुळ्याची बस पकडली.

धुळ्यात निंबा वकील आहेत. साक्री-पिंपळनेरकडचे बांधाचे दावे चालवतात. सायरबाई मूळच्या पिंपळनेरच्या, त्यामुळे माहेरच्या ओळखीतले. त्यांच्याकडे दावा गेला की पक्षकाराचा नातू तो पुढे चालवतो, अशी त्यांची ख्याती आहे. शेठनी वरणगावच्या मित्राची हकिगत सांगितली. निंबा वकिलांनी ती डोळे मिटून ऐकली.

"बांध कोणाच्या बाजूचा?"

"बांध नाही, वकीलसाहेब. वाफ."

वकिलांनी डोळे उघडले. चष्मा लावून मोबाइलवर बराच वेळ वाचत बसले. मधूनच मान हलवत होते. "आपल्या देशात दोन हजार एकोणीसपासून बंद. बनवणं, विकणं, आणणं, नेणं, साठवणं."

"ओढणं?"

"ओढणं लिहिलेलं दिसत नाही. पण न आणता, न विकत घेता, न साठवता ओढायचं कसं, ते तुमच्या मित्राने मला सांगावं, मी लगेच वकीलपत्र घेतो." ते आणखी खाली गेले. "सिंगापूर बंद. बँकॉकला नेणं बंद. काय हो भाऊ, बठ्ठीकडे बंद शे." वकील मनापासून हळहळले की अहिराणीत शिरतात. "जमिनीचं असतं तर तीस वर्षं तारखा घेतल्या असत्या. हाई वाफ शे. हातमा ऱ्हात नही."

शेठ उठायला लागले. तेवढ्यात वकील म्हणाले, "दुबईला चालतं म्हणे. आमचा साडू जाऊन आला. विमानतळावर ओढणाऱ्यांसाठी वेगळी काचेची खोली असते. तिथेच दुकानात घ्यायचं, ओढायचं, तिथेच टाकून पुढच्या विमानात बसायचं."

शेठ खाली बसले. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत ते एकटेच हसत होते.

"काका," डिंपल म्हणाली, "मुंबईहून सिंगापूर पूर्वेला. दुबई पश्चिमेला. जळगावहून भुसावळला जायला सुरतेवरून कोणी जातं का?"

"मला दुबईचं विमानतळ बघायचं आहे. फार छान आहे म्हणतात."

"काकूंचे गुडघे?"

"त्यांनाही बघायचं आहे."

डिंपलने तिकिटं बदलली. मनाईची यादी पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवली, पुन्हा सही घेतली. वेपपाशी आल्यावर तिने शेठकडे जरा जास्त वेळ पाहिल्यासारखं शेठना वाटलं, पण अपराधी माणसाला सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटतं.

छाजेडांकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. त्या संध्याकाळी मुगाची डाळ आणि कळण्याची भाकरी होती. शेठनी सहज बोलतोय असं दाखवत सांगितलं, "जाताना वाटेत दुबईला चार तास थांबायचंय."

"दुबई कुठल्या वाटेत आलं?"

"विमानाच्या वाटा वेगळ्या असतात."

"ते पश्चिमेला ना?" सायरबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मग मला चालायचं नाही. मला दिशेची मर्यादा आहे."

दिशेची मर्यादा हेही एक व्रत आहे. चारही दिशांना कुठवर जायचं ते ठरवून घ्यायचं, त्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. समाजात अनेक बायका घेतात. पण आपल्याच घरात, आपल्याच ताटासमोर बसणाऱ्या बाईने घेतलेली आहे, याचा शेठना पत्ताच नव्हता.

"कधी घेतली?"

"विधीचा फोन आला की दिवस गेलेत, त्या आठवड्यात. ह्या दिवाळीपर्यंत. उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला बंगळूर, पूर्वेला विधीचं घर, पश्चिमेला मुंबई."

"पण विमानात जमिनीला पाय कुठे लागतो?"

"विमान उतरतं ना? चार तास काय वर घिरट्या घालणार आहे?" त्या शांतपणे भाकरी मोडत म्हणाल्या. "तुम्हाला सूट आहे. तुम्ही जा दुबईवरून. मी सरळ जाते. विधीला कळवते, पप्पा मागून येताहेत, दुबई बघून."

शेठच्या डोळ्यांपुढे आलं ते असं: विमानतळावर पोटुशी लेक, घाबरलेला जावई, लाडवांचे दोन डबे घेऊन एकट्या उतरलेल्या, इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या सायरबाई, आणि आपण तिकडे दुबईत एका काचेच्या खोलीत अनोळखी लोकांत उभे राहून वेलदोड्याची वाफ ओढतोय. आणि खोली काचेची. म्हणजे बाहेरून सगळ्यांना दिसणार. शेठनी ताट धुऊन प्यायलं, ही त्यांची रोजची रीत, आणि सकाळी डिंपलकडे गेले. डिंपलने तिसऱ्यांदा यादी वाचली. शेठना आता ती पाठ होती. च्युइंगगमपासून पुढे दोघांनी मिळूनच म्हटली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघं स्थानकात मांगलिक, म्हणजे मंगलपाठ, ऐकायला गेले. दूरच्या प्रवासाला मांगलिक ऐकल्याशिवाय निघायचं नाही. चातुर्मासासाठी आलेल्या साध्वी महासतींनी ते म्हटलं आणि विचारलं, "आणखी काही?"

शेठ उभे राहिले. आता खरं सांगायचं तर त्यांच्या मनात थोडा हिशेब होता. सूट वापरता येत नाही हे दिसलंच होतं, तर निदान ती सोडल्याचं नाव तरी पदरात पडावं. पण उभं राहून हात जोडले तेव्हा विधीचा दम लागलेला आवाज कानात आला, आणि हिशेब मागे पडला.

"अकरा वर्षांपूर्वीच्या पच्चक्खाणात मी परदेशाचा आगार ठेवला होता," ते म्हणाले. "तो सोडतो."

सभेत कुजबुज झाली. ज्यांनी आपल्या मुलांना अकरा वर्षं छाजेडकाकांकडे बघायला सांगितलं होतं, त्यांना काकांच्या व्रताला मागच्या बाजूने खिडकी होती हे आत्ता कळत होतं. मागून कोणीतरी हसलंही. शेठचे कान तापले. महासतींनी पाठ म्हणून आगार मिटवला.

परतताना शेठ वाट बघत होते. आता ह्या काही म्हणतील, मग म्हणतील. सायरबाई गांधी उद्यानाच्या कोपऱ्यापर्यंत चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "चला. आता कुठेही जाता येईल."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? भिशीच्या बायका नेपाळला गेल्या, मी गेले का? लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही बँकॉक काढलं होतं, मी म्हटलं गुडघे दुखतात. विधी सहा वर्षं बोलावतेय. दर दिवाळीला पोर इथे येऊन रडते, मम्मी एकदा माझं घर बघ. मी म्हटलं, मला विमानाची भीती वाटते. पिंपळनेरला असताना घाटातून जीपच्या टपावर बसून गेलेली बाई मी. मला विमानाची भीती वाटेल?"

शेठ चालायचे थांबले.

"तुमचा आगार होता ना," सायरबाई म्हणाल्या. "इथे होतात तोवर सिगारेट सुटलेली होती. सीमा ओलांडली की मी तुम्हाला काही बोलू शकले नसते. तुम्ही बोलून घेतलेली सूट. मग सीमाच ओलांडायची नाही, एवढं माझ्या हातात होतं."

"मग ह्या वेळी?"

"ह्या वेळी विधीला विचारून घेतलं सगळं. म्हणाली, सिगारेट मिळते इथे. म्हटलं, मिळू दे, तिचा मला वास येईल. बिनवासाचं एकच निघालंय म्हणाली, आणि ते इथे कडक बंद आहे. तेव्हा हो म्हटलं. बाकी देशांचंही तिलाच विचारलं. जिथे चालतं तिथे जायचं नाही अशी मर्यादा घेऊन टाकली." त्या जरा थांबल्या. "तुम्ही डिंपलकडे, नानांकडे, धुळ्याला कशाला हिंडत होतात? मला विचारलं असतं."

शेठना एकदम खूप वाईट वाटलं. त्यांनी खिडकी अकरा वर्षं नुसती ठेवली होती, आणि ही बाई अकरा वर्षं त्या खिडकीला पाठ लावून उभी होती. लेकीचं घर न बघता. आणि वर सगळ्या समाजात भित्री म्हणवून घेत होती. 'चुकलो' हा शब्द त्यांना दुकानात गिऱ्हाइकाला म्हणायची सवय होती, घरात नव्हती.

"चुकलो मी," ते म्हणाले.

"आधी समोर जाऊन सांगा ते."

मंदाबाई ओट्यावरच होत्या. नाना झोपाळ्यावर. शेठ फाटक उघडून आत गेले आणि हात जोडून म्हणाले, "मंदाबाई, ते पार्सल माझं होतं. नानांचं फक्त नाव होतं त्यावर."

"ठाऊक आहे," मंदाबाई म्हणाल्या. "सायरबाईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं."

"मग नानांना का...?"

"मी वाफ शोधायला घर उलटं केलं," मंदाबाईंनी नानांकडे बघितलं, "तर वाफ नाही सापडली. युनिफॉर्मच्या आतल्या खिशात तंबाखूची डबी सापडली. दहा वर्षांपूर्वी सोडली म्हणाले होते."

नाना झोपाळ्यावर जरा बाजूला सरकले. शेठना बसायला जागा केली. दोघं झोका घेत बसले.

सायरबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, पण हसू पुसलं गेलं नाही.

"अहो, चला, बॅगा बांधायच्या आहेत," त्या म्हणाल्या. "आणि येता येता डिंपलला सांगून ठेवा. दिवाळीला माझी मर्यादा संपते. मग दुबई बघून येऊ. तुम्हाला ते विमानतळ बघायचं होतं ना, फार छान आहे म्हणत होतात."